प्लगचा रंग

आमचे रायपूरचे घरमालक रोज सकाळी अंगणात मोटारसायकल सुरू करत, तिच्यामागे गुडघे टेकत आणि सायलेन्सरच्या तोंडाशी नाक नेऊन डोळे मिटत. मी पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मला वाटलं, चक्कर आली यांना. तोंडात ब्रश तसाच धरून मी जिन्यावरून धडाधड खाली. तर यांनी डोळे न उघडता नुसता हात वर केला.

"थांबा मॅडम. वास घेऊन राहिलो."

"कशाचा?"

"धुराचा. पेट्रोल जास्त चाललं का कमी, ते नाकाले समजते."

गल्लीतल्या बायका छत्तीसगढीत म्हणायच्या, कका गाड़ी के पूजा करथे. पूजा कसली डोंबलाची! ती भीती होती. त्या माणसाइतका घाबरट माणूस मी जन्मात पाहिला नाही. हे मी कौतुकानं सांगते आहे की वैतागून, ते माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही.

मी अकोल्याची. छत्तीसगड वेगळं झालं, रायपूर राजधानी झाली, जो तो तिथं ऑफिस उघडत सुटला. आमच्याही ऑफिसनं उघडलं आणि बदलीसाठी बळीचा बकरा म्हणून नेमकी मी सापडले. तेलीबांधा तलावाच्या मागच्या गल्लीत वरची खोली मिळाली. खाली काका, काकू आणि त्यांची एकुलती एक मुलगी स्वाती. काका मूळचे भंडाऱ्याकडचे, पण उभा जन्म स्टील प्लांटमध्ये गेला. तिथं मोठ्या भट्टीच्या धुराड्यात एक सेन्सर बसवलेला असायचा. धुरात ऑक्सिजन किती उरला ते तो सांगायचा, आणि काका त्याच्या काट्याकडे डोळे लावून बसायचे. ऑक्सिजन जास्त उरला म्हणजे हवा जास्त झाली, इंधन कमी पडलं. उरलाच नाही म्हणजे इंधन वाया चाललं. काटा हलला की हे खुर्चीतून उठून उभे. अशी नोकरी करून माणूस घरी परतला तर तो कसा असणार, तुम्हीच सांगा.

खोली देताना त्यांनी मला पगार विचारला नाही, लग्नाचं विचारलं नाही, मटण खाता का तेही नाही. विचारलं ते हे, की गॅसचा गिझर लावणार काय, थंडीत शेगडी आत घेता काय, आणि दार लावून झोपता काय.

"म्हणजे काय काका? उघडं टाकून झोपू?"

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर माझ्या दाराची खालची पट्टी करवतीनं कापलेली. "हवा पायजे मॅडम. बंद खोलीत माणूस झोपते अन् उठतच नाही." आख्खा हिवाळा मी त्या फटीत जुनी साडी कोंबायची आणि ते सकाळी बाहेरून ओढून काढायचे. त्या फटीतून डास आले, झुरळं आली, एकदा तर शेजारच्या मांजरीचं पिल्लू येऊन माझ्या चपलेत झोपलं. मी चांगली भांडले. काकू मधे पडल्या, "राहू दे वं पोरी. यायले काळजी करू दे, माही तेवढी वाचते."

कोथिंबिरीचं तर सांगायलाच नको. घरातलं कोणी बाहेरून यायचं असलं, स्वाती कॉलेजातून, मी ऑफिसातून, काकू गोल बाजारातून, की काका तलावाच्या कोपऱ्यावर जाऊन उभे राहणार. वाट पाहून राहिलो असं कबूल करायची लाज. मग भाजीवालीकडून कोथिंबिरीची जुडी घ्यायची. उशीर झाला की दुसरी जुडी. आणखी उशीर झाला की तिसरी. मी आत पाऊल टाकलं की काकू पिशवीत डोकावून म्हणायच्या, "तीन जुड्या! आज लैच उशीर केला तू." त्या घरात मी जेवढ्या कोथिंबीर वड्या खाल्ल्या तेवढ्या सगळ्या अकोला जिल्ह्यानं खाल्ल्या नसतील. आणि गंमत म्हणजे ती काळजी मलाही लागली. कोपऱ्यावर काका दिसले नाहीत तर मीच स्कूटी थांबवून इकडेतिकडे शोधायची, की यांना काही झालं तर नाही?

एवढी भीती आली कुठून? गल्लीकडे उत्तर तयार होतं. कोपऱ्यावरच्या वर्मा आंटींनी मला आवाज खाली आणून सांगितलं, की काकांचा धाकटा भाऊ मोटारसायकलवरून गेला, इंजिन जाम झालं म्हणे, काकांच्या डोळ्यांदेखत. मला इतकं वाईट वाटलं की आठ-पंधरा दिवस मी साडी कोंबली नाही. दिवाळीला दारात एक लालबुंद, जाडजूड गृहस्थ चिवड्याचा डबा घेऊन उभे. काकांचे धाकटे भाऊ! मी चाचरत विचारलं तर ते हसून हसून खुर्चीतून पडायचे बाकी राहिले. "मी? मी कधी मेलो वं? अवं पोरी, त्याले लहानपणापासूनच भेव आहे. पतंग उडवाले गेलो तं हा खालून माह्या पायाले दोरी बांधून धरे."

म्हणजे काही कारण नव्हतं. कारण असतं तर त्याच्यावर औषध तरी सापडलं असतं. काकांना आपल्या माणसांची काळजी वाटायची, बस्स, एवढंच, आणि ती पार हाताबाहेर गेली होती.

त्यात सगळ्यात जास्त भरडली गेली ती स्वाती. कॉलेजची सहल गेली, ही घरी. पुढं शिकायला नागपूरला नंबर लागला, यांनी रात्रभर येरझारा घातल्या, सकाळी पोरगीच म्हणाली, जाने दो, नहीं जाती. ती बापाचं मराठी ऐकायची आणि उत्तर हिंदीत द्यायची. तिथल्या सगळ्याच मुलांचं तसं होतं. आणि आता तिला नव्या रायपुरात नोकरी लागली होती. नवा रायपूर म्हणजे तेव्हा शेतांच्या मधोमध उभ्या राहिलेल्या कोऱ्या इमारती, त्यांच्या चहूकडे विमान उतरेल असे रुंद रस्ते आणि रस्त्यावर गायी. सकाळी बस होती. संध्याकाळी ती परत येईलच असं छातीठोकपणे कोणी सांगत नव्हतं.

काकांनी प्रत्येक वाहनाची चौकशी बसवली. बस? ड्रायव्हर कोणाचा कोण. स्कूटी? "छोटं चाक. खड्ड्यात गेलं का गेलं." हे माझ्यासमोर, मी रोज स्कूटीवर जात असताना. वर मला म्हणायचे, "तुमचं नशीब चांगलं आहे मॅडम, आतापर्यंत." तिथंच खोली घेऊन राहायचं? हा विषय काढल्यावर त्यांना दोन दिवस जेवण गेलं नाही. उरली ती त्यांची स्वतःची मोटारसायकल. जुनी, जड, लोखंडाची. तिच्यावर त्यांनीच स्वातीला मैदानात शिकवलेलं, आणि पोरगी चालवायची ती भल्याभल्यांनी तोंडात बोट घालावं अशी. शेवटी ते म्हणाले, "मिक्श्चर बरोबर बसू दे. काटा चौदावर थांबला का चाबी तुही."

त्यावर स्वाती सगळ्यांसमोर म्हणाली, "बाबा, अगले महीने के पहले सोमवार को जॉइनिंग है मेरी. इस बार भी नहीं जाने दिया ना, तो मैं नागपुर जा रही हूँ मौसी के पास. और फिर लौटूँगी नहीं." आवाज चढवला नाही तिनं. तेच जास्त लागलं. काकूंच्या हातातली पोळी तव्यावर करपली.

तर हा काटा. काकांनी प्लांटमधल्या जुन्या सोबत्याच्या मुलाकडून चेन्नईहून एक सेन्सर मागवला, गाडीचा, पण भट्टीतल्याच जातीचा. टाटीबंधच्या ट्रकवाल्या वेल्डरकडे जाऊन सायलेन्सरच्या नळीला, इंजिनापासून वीतभर अंतरावर, भोक पाडून तो बसवला. तिथून वायर वर आली आणि हँडलवर घड्याळाएवढा गोल मीटर लागला. काटा चौदाच्या आसपास असला, म्हणजे एक भाग पेट्रोलाला चौदा भाग हवा, तर हवा-पेट्रोलाचं जमलं. त्याच्या खाली गेला म्हणजे पेट्रोल जास्त, धूर काळा. वर गेला म्हणजे हवा जास्त. आणि काकांची सगळी भीती त्या वरच्या बाजूला राहायची.

"हवा जास्त झाली का इंजिन तापते मॅडम. तापलं का जाम होते. जाम झालं का मागचं चाक जागच्या जागी थांबते. अन् वर बसलेली पोट्टी..." ते वाक्य मी कधी पूर्ण ऐकलं नाही.

काट्यावर त्यांचा देवासारखा विश्वास. प्लांटमध्ये नवी पोरं काट्याला शिव्या द्यायची, की बिघडला, खोटा दाखवतो. तेव्हा काका म्हणायचे, "काटा खोटं नाही बोलत. त्याले जे हुंगवशीन तेच तो सांगीन. आधी नळी पाहा, फट कुठं आहे पाहा. हवा चोर असते." आणि मग म्हणे ते पेटती उदबत्ती घेऊन भट्टीच्या नळीवरून फिरायचे. जिथं धूर आत ओढला जाई, तिथं फट. हा किस्सा मी इतक्यांदा ऐकला होता की उदबत्तीचा वास आला तरी मला भट्टी आठवायची.

मीटर लागला त्या दिवसापासून सायलेन्सरमागचं गुडघे टेकणं बंद. मी चिडवलं, "काय काका, पूजा थांबली?" तर म्हणाले, "नाक म्हातारं झालं मॅडम. काटा नवा आहे."

आता चालवताना काटा पाहायचा तर रस्ता कोण पाहणार? म्हणून रविवारी सकाळी मला मागच्या सीटवर घेऊन ते नव्या रायपूरच्या मोकळ्या रस्त्यावर जायचे. माझं काम एकच, त्यांच्या खांद्यावरून डोकावून आकडा ओरडायचा.

"सांगा मॅडम!"

"पंधरा!"

"अन् आता?"

"पंधराच्या वर! काका, गाय!"

"गाय दिसली मले! आकडा सांगा!"

आकडा काही केल्या खाली येईना. घरी येऊन काका कार्बोरेटर उघडायचे. त्यात जेट नावाचा पितळेचा बारीक तुकडा असतो, त्याच्या भोकातून पेट्रोल जातं. ते मोठ्या भोकाचा जेट घालायचे. पुन्हा रविवार, पुन्हा मी मागे, पुन्हा पंधरा. त्याहून मोठा जेट. गाडी आता उतारावर फट्फट् फटाके फोडायची. माझे डोळे चुरचुरायचे. घरी आले की ओढणीला रॉकेलच्या स्टोव्हसारखा वास. मी म्हटलंसुद्धा, "काका, मला तर पेट्रोलच पेट्रोल वाटतंय." त्यांनी मीटरकडे बोट दाखवलं. पंधरा म्हणजे पंधरा.

काकूंनी वाळत घातलेल्या चादरींवर काळे ठिपके पडायला लागले. तर त्याचंही उत्तर होतं. रायपूरला गच्चीवर काळी भुकटी पडतेच, कारखान्यांची. सकाळी पुसलेली फरशी संध्याकाळी पायाला काळी लागते. काका म्हणाले, ते तिकडून येते. काकू म्हणाल्या, "कारखाना काय फक्त आपल्याच दोरीवर थुकते?" काकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सोमवार जवळ येत होता, काटा खाली येत नव्हता, आणि काका वाळत चालले होते. स्वातीनं एक बॅग भरून खाटेखाली ठेवली होती. ती कुठं जायची बॅग, ऑफिसला की नागपूरला, हे तिनं सांगितलं नाही आणि विचारायची कोणाची हिंमत झाली नाही.

शेवटच्या रविवारी ठरलं, स्वातीनं एकटीनं गाडी नव्या रायपूरपर्यंत न्यायची. मागून आम्ही, म्हणजे माझ्या स्कूटीवर मी, आणि माझ्यामागे काका! छोट्या चाकावर! पोरीसाठी तेही केलं त्यांनी. पूर्ण रस्ताभर माझा खांदा असा आवळून धरला होता की मला ब्रेक मारायला त्रास होत होता. "हळू... हळू म्हणा तिले. हॉर्न द्या. ती आरशात काहून नाही पाहून राहिली?" मीही हॉर्नवरचा अंगठा काढला नव्हता, खोटं कशाला बोलू.

हायवेवरून उजवीकडे वळायचं तिथं स्वाती दुभाजकापाशी थांबली. बराच वेळ थांबावं लागलं, गाड्या जात होत्या. मोटारसायकल जागच्या जागी गुरगुरत होती आणि मागून काळा धूर निघत होता. मग मोकळं दिसलं. ती निघाली. रस्त्याच्या मधोमध गाडीनं एक आचका दिला, दुसरा दिला, आणि बंद पडली.

समोरून ट्रक येत होता.

काकांची खांद्यावरची पकड सुटली, आणि ते सुटणं मला जास्त भयंकर वाटलं. मीच ओरडले, "स्वाती! सोड गाडी! पळ!" तिनं सोडली नाही. ट्रकनं हॉर्न धरला तो धरलाच. स्वाती उतरून दोन्ही हातांनी गाडी मागे रेटत होती, ट्रक करकचून वाकडा झाला आणि तिच्यापुढून, अगदी पुढच्या चाकापुढून, निघून गेला. धूळ बसली तेव्हा ती उभी होती. गाडी तिनं ढकलत ढकलत कडेच्या चहाच्या टपरीपाशी आणली, स्टँडवर लावली, आणि मग हेल्मेट काढलं.

आम्ही पोचलो. मी तिला धरलं. काका दोन पावलांवर उभे, चेहरा पांढराफटक. मला वाटलं, संपलं. आता हा माणूस तिला उंबऱ्याबाहेर पडू देणार नाही, आणि ही उद्या बॅग उचलून नागपूरची गाडी धरणार.

स्वाती माझ्या हातातून सुटली. डिकीतून पाना काढला, इंजिनातला ठिणगीचा प्लग खोलला आणि बापासमोर धरला. "देखो बाबा. देखो इसको."

प्लग ओला, काळाकुट्ट. त्यावरून बोट फिरवलं तर बोटाला काजळ. मलाही एवढं कळत होतं, मीटरच्या हिशेबानं तो पांढरा असायला हवा होता. पेट्रोल कमी पडणाऱ्या इंजिनाचा प्लग पांढरा पडतो, हे काकांनीच मला शिकवलं होतं. आणि बंद पडेपर्यंत मीटर पंधराच दाखवत होता.

काकांनी प्लगकडे पाहिलं. मीटरकडे पाहिलं. पुन्हा प्लगकडे. मग टपरीत गेले. चहावाल्यानं देवाच्या फोटोपुढं उदबत्ती लावली होती. ती त्यांनी उचलली. चहावाला म्हणाला, "अरे अरे, कका!" पण त्यांचं लक्षच नव्हतं.

"प्लग पूस. लाव. चालू कर," ते स्वातीला म्हणाले. तिनं डिकीतल्या ब्रशनं घासून प्लग बसवला. चार लाथा मारल्यावर गाडी खोकत सुरू झाली. काका गाडीसमोर गुडघे टेकून बसले आणि सायलेन्सरची नळी जिथं इंजिनाला जोडलेली असते, सेन्सरच्या अलीकडं, तिथं उदबत्ती धरली. उदबत्तीची सरळ रेघ एकदम वाकली. धूर त्या सांध्यात आत जात होता, बाहेर येत होता, पुन्हा आत जात होता. सांध्याभोवती काजळीचं एक बारीक कडं होतं. इतके दिवस ते तिथं होतं, आणि आम्ही तिघांनी ते रोज पाहिलं होतं.

काकांनी गाडी बंद केली आणि टपरीच्या बाकावर बसले. उदबत्ती हातात तशीच.

"सांध्यातलं वॉशर गेलं आहे," ते म्हणाले. "फटीतून बाहेरची हवा आत येऊन राहिली. काटा तीच हुंगून राहिला. अन् म्या पेट्रोल वाढवत गेलो." मग म्हणाले, "काट्याचं काही चुकलं नाही. मले ज्याचं भेव होतं तेच त्यानं दाखवलं, अन् म्या लगेच मानलं. प्लांटमधे कोणी असं केलं असतं तं म्या त्याले हाकललं असतं."

आणि ते रडायला लागले. टपरीवर, लोकांसमोर, मोठ्यानं. "म्याच मारत होतो तुले," असं दोनदा म्हणाले. स्वाती त्यांच्या शेजारी बसली, पाठीवर हात ठेवला, आणि लहान मुलाला समजावावं तसं मराठीत म्हणाली, "नाही बाबा. नाही. मी आहे ना." तिचं मराठी मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. चहावाल्यानं न सांगता चार चहा आणले आणि हळूच उदबत्ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

दुपारभर काका अंगणात. नवं तांब्याचं वॉशर बसवलं, मोठा जेट काढून जुना जेट परत घातला, गाडी चालू केली. उदबत्तीचा धूर सरळ वर गेला. मग सायलेन्सरमागे जाऊन गुडघे टेकले आणि डोळे मिटून वास घेतला. संध्याकाळी जेवताना स्वातीनं एकदाच विचारलं, "कल?" काका पोळीचा तुकडा हातात धरून बसले. काकू त्यांच्याकडे पाहत होत्या, मी वाटीकडे पाहत होते. स्वाती उठली, खाटेखालची बॅग ओढून दाराशी ठेवली आणि झोपायला गेली. मला रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

सोमवारी सकाळी मी खाली आले तर फाटक उघडं होतं आणि मोटारसायकल गल्लीत, तोंड रस्त्याकडे करून उभी. पुसून लख्ख. हँडलवर मीटर नव्हता. नळीच्या भोकात सेन्सरच्या जागी एक बोल्ट घट्ट बसवलेला. काका उकिडवे बसून प्लग पुन्हा एकदा आवळत होते.

स्वाती बॅग घेऊन बाहेर आली आणि थबकली. "मीटर?"

"काढला. तू काटा पाहशीन तं रस्ता कोण पाहीन?" पाना लुंगीला पुसत ते उठले. चाबी तिच्या हातात दिली, पण चाबीवरची बोटं लगेच सुटेनात. "एकच करजो. पोचली का इंजिन थंड होऊ दे, मंग प्लग खोलून पाहाजो. काळा असला तं पेट्रोल जास्त. पांढरा असला तं हवा जास्त. बिस्किटाचा रंग पायजे. बिस्किट. मंग मले फोन कर."

"हव बाबा."

"पाहाशीन ना पण?"

"हव, बोल तो दिया."

बोटं सुटली. तिनं हेल्मेट घातलं, एका लाथेत गाडी सुरू केली आणि गेली. वळणावर ती आरशात पाहते का ते आम्ही तिघं मान लांब करून पाहत होतो. पाहिलं तिनं.

मी ऑफिसला उशिरा जायचं ठरवून खालीच बसले. काकूंनी डाळ निवडायला घेतली, एकच मूठ त्यांनी तीन वेळा निवडली. काका फोनसमोरच्या खुर्चीत, हात मांडीवर, एक मूठ आवळलेली. रस्त्यावर हॉर्न वाजला की आमच्या तिघांच्याही माना वर. मी मनात ती हायवेवर कुठं असेल ते मोजत होते, तिथं दुभाजक आला, आता थांबली असेल, आता निघाली असेल. काका तर श्वासही मोजून घेत असावेत. घड्याळ पुढे सरकायचं नावच घेईना. शेवटी फोन वाजला आणि काकांच्या हातून आधी घसरला, मग कानाला लागला.

"पोचली मी बाबा." पलीकडचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता, इतका मोठ्यानं बोलत होती ती.

"पोचली... बरं. बरं. प्लग पाहिला?"

"पाहिला ना."

"खोलून?"

"खोलून पाहिला."

"रंग?"

"एकदम बिस्किट, बाबा."

माझा जीव भांड्यात पडला. मी काकूंकडे पाहिलं, तर काकू काकांच्या हाताकडे पाहत होत्या. मघापासून आवळलेली ती मूठ आता उघडली होती. तिच्यात पाना होता. प्लग खोलायचा आखूड पाना, घरात एकुलता एक, जो सकाळच्या गडबडीत डिकीत ठेवायचा राहून गेला होता.

काकांनीही तो आत्ता पाहिला. फोनमध्ये स्वाती विचारत होती, बाबा, सुन रहे हो? बाबा?

"ऐकून राहिलो," ते म्हणाले. "बिस्किट आहे ना? मंग बरोबर आहे. जा, कामावर लाग."

त्यांनी फोन ठेवला. काकू म्हणाल्या, "अहो, पण पाना तं..."

"राहू दे," काका म्हणाले, आणि पाना खिडकीत ठेवून दिला.